गुलामगिरी जिंकली असती तर? अशा उपरोधिक चित्रपटांकडे कसे पाहावे?

मृगनक्षत्र:

आमच्या चित्रपट-अभ्यास गटाच्या पुढच्या सत्रात केविन विल्मॉट यांचा २००४ सालचा 'सी.एस.ए. : द कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका' दाखवावा, असे मी सुचवले आहे आणि त्यावरून गटात बराच मतभेद झाला आहे. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. अमेरिकी यादवीत (१८६१-१८६५) गुलामगिरीसाठी फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये जिंकली, त्यांनी उत्तरेलाही आपल्या अमलाखाली आणले आणि माणसांची खरेदी-विक्री आजतागायत कायदेशीर राहिली, असे गृहीत धरून हा चित्रपट त्या देशाचा इतिहास सांगतो. सांगण्याची पद्धत मात्र सरळ कथेची नाही. एका ब्रिटिश संस्थेने तयार केलेला माहितीपट त्या देशातील दूरचित्रवाणीवर दाखवला जात आहे आणि आपण घरबसल्या तो पाहत आहोत, असा सारा बाज आहे. जुनी छायाचित्रे, गंभीर निवेदन, अभ्यासकांच्या मुलाखती हे सगळे त्यात आहेच, पण मधूनमधून जाहिराती लागतात आणि त्या जाहिराती गुलाम पाळणाऱ्या आधुनिक घरांसाठी केलेल्या आहेत.

गटातील आक्षेप दोन प्रकारचे आहेत. काहींना वाटते की ज्या व्यवस्थेत मुलांना आईपासून तोडून विकले गेले, तिच्यावर प्रेक्षकांना हसवणे हेच मुळात चुकीचे आहे, मग हेतू कितीही चांगला असो. इतरांची भीती अशी की ज्यांना खरा इतिहासच नीट ठाऊक नाही, त्यांच्यासमोर खोटा इतिहास इतक्या बेमालूम रूपात ठेवला, तर खरे काय आणि रचलेले काय हे त्यांना कळणार नाही. गटात तरुण सभासद बरेच आहेत, म्हणून ही दुसरी भीती मलाही गंभीर वाटते.

माझी स्वतःची अडचण थोडी वेगळी आहे. खऱ्या गुलामगिरीविषयी उत्तम माहितीपट, आत्मचरित्रे आणि कागदपत्रे उपलब्ध असताना, जे घडलेच नाही त्याची कल्पना करून आपल्या हाती नेमके काय येते? हा प्रकार केवळ चातुर्याचा खेळ ठरत असेल, तर तो दाखवण्याचा आग्रह मी सोडून देईन. ज्यांनी हा किंवा या जातीचे इतर चित्रपट पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

साक्षेपी:

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते पहिल्या दोन्ही आक्षेपांचे उत्तर त्यातच दडलेले आहे. या चित्रपटाची ताकद त्यातील कल्पनेत नाही. कल्पनेच्या आवरणाखाली जी खरी सामग्री ठेवलेली आहे, तिच्यात ती आहे. सुरुवातीलाच विम्याची एक जाहिरात येते. सुखवस्तू गोरे कुटुंब, नीटनेटके घर, मवाळ संगीत. आणि ज्या मालमत्तेला संरक्षण देण्याचे आश्वासन दिले जाते, तिच्यात एक काळा मुलगाही मोडतो, हे क्षणभराने आपल्या लक्षात येते. त्या क्षणी हसू फुटते खरे, पण पुढे चित्रपट त्या हसण्याचा हिशेब मागतो.

तो कसा, हे सांगताना शेवट उघड करावा लागतो, पण आपण निवड करण्यासाठी विचारत आहात म्हणून सांगतो. चित्रपटभर अशा अनेक वस्तूंच्या जाहिराती येतात, ज्यांची नावे म्हणजे काळ्या माणसांना दिल्या जाणाऱ्या शिव्या आहेत: दातांची पेस्ट, तंबाखू, एका खानावळीची साखळी. आपण समजतो की लेखकाने अतिशयोक्ती केली आहे. मग अखेरच्या पाट्या सांगतात की यांतील कित्येक वस्तू आणि दुकाने प्रत्यक्षात होती. 'कून चिकन इन' नावाची खानावळ १९२५ मध्ये युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे सुरू झाली, पुढे तिच्या शाखा सिएटल आणि पोर्टलंडलाही निघाल्या आणि ती १९५० च्या दशकापर्यंत चालली. काळ्या माणसाचा दात विचकणारा प्रचंड चेहरा उभारून त्याच्या तोंडातून गिऱ्हाइकांना आत घेतले जाई. ती शहरे दक्षिणेतील नव्हेत आणि यादवीत उत्तर जिंकलेलीच होती. 'डार्की' नावाची पेस्ट आशियातील बाजारांत १९८९ पर्यंत त्याच नावाने विकली जात होती, आणि त्यानंतर केवळ एक अक्षर बदलून ती 'डार्ली' झाली. पॅनकेकच्या पिठाचे 'आंट जेमायमा' हे नाव आणि त्यामागची हसतमुख काळ्या मोलकरणीची प्रतिमा मागे घेण्याचा निर्णय तर २०२० साली, म्हणजे हा चित्रपट येऊन गेल्यावर सोळा वर्षांनी, जाहीर झाला.

म्हणजे ज्याला आपण 'पर्यायी' म्हणून हसलो, ते प्रत्यक्ष जगाच्या दुकानांतून उचललेले होते. सरळ माहितीपटात हीच माहिती पहिल्यापासून खरी म्हणून समोर आली असती, तर आपण खेद व्यक्त करून पुढे गेलो असतो. इथे आपण आधी तिला अशक्य ठरवतो आणि मग ती शक्य होती, घडलीही होती, हे आपल्याला कबूल करावे लागते. या क्रमाला पर्याय नाही, आणि म्हणूनच मी याला चातुर्याचा खेळ म्हणणार नाही.

काळे अमेरिकी दिग्दर्शक स्पाइक ली यांचे नाव या चित्रपटाशी प्रस्तुतकर्ते म्हणून जोडलेले आहे, हेही सूचक आहे. त्यांच्या स्वतःच्या २००० सालच्या 'बॅम्बूझल्ड' मध्ये एक काळा दूरचित्रवाणी-लेखक, तोंडाला काळे फासून केल्या जाणाऱ्या जुन्या खेळांसारखा कार्यक्रम निर्माण करतो आणि तो लोकप्रिय होतो. त्याचाही शेवट खऱ्या जुन्या चित्रपटांतील आणि व्यंगपटांतील दृश्यांच्या मालिकेने होतो. दोन्ही कलावंतांना ठाऊक होते की अखेरीस पुरावा दाखवला नाही, तर प्रेक्षक उपरोधाला अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारतो.

जुनी पोथी:

माझा अभ्यास चित्रपटाचा नाही, एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा आहे, त्यामुळे खऱ्या-खोट्याच्या भीतीविषयी लिहिते. माझे मत असे की या चित्रपटातील घटना रचलेल्या असल्या तरी त्यांमागची विचारसरणी फारच थोड्या ठिकाणी रचलेली आहे.

चित्रपटातील जगात दक्षिणेचे परराष्ट्रमंत्री ज्यूडा बेंजामिन ब्रिटन आणि फ्रान्स यांना आपल्या बाजूने युद्धात उतरवण्यात यशस्वी होतात आणि तिथून सारे बदलते. प्रत्यक्षातही बेंजामिन मार्च १८६२ पासून त्या पदावर होते, आणि दक्षिणेची भिस्त खरोखरच युरोपच्या मान्यतेवर होती, कारण ब्रिटनच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या. ती मान्यता मिळाली नाही. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईनंतर काही दिवसांतच लिंकन यांनी मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला, १ जानेवारी १८६३ ला तो लागू झाला, आणि गुलामगिरीच्या बाजूने उघडपणे उभे राहणे कोणत्याही ब्रिटिश सरकारला अवघड होऊन बसले. तेव्हा वळण कुठे घ्यायचे, हे विल्मॉट यांनी अभ्यास करून निवडले आहे.

विजयानंतर दक्षिण गुलामगिरी का टिकवेल, ती आपोआप संपली नसती का, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर त्या राज्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८६१ च्या त्यांच्या घटनेतील पहिल्या कलमाच्या नवव्या भागात, गुलामांवरील मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास आपल्याच विधिमंडळाला मनाई केलेली आहे. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात वंशांची असमानता हाच आपल्या नव्या राज्याचा कोनशिला-दगड असल्याचे सांगितले. मिसिसिपीच्या फुटून निघण्याच्या घोषणापत्रात तर सुरुवातीलाच गुलामगिरीशी आपले नाते किती अभेद्य आहे, हे नोंदवलेले आहे. १८६० च्या जनगणनेत ३९ लाख ५३ हजारांहून अधिक माणसे गुलाम म्हणून मोजली गेली होती. एवढी 'मालमत्ता' कुणी सद्भावनेने सोडून दिली असती, असे मानायला मला कोणताही आधार दिसत नाही.

चित्रपटात पुढे हा देश मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेवर साम्राज्य पसरवतो, तेव्हा प्रेक्षकांना ती लेखकाची लहर वाटते. पण १८५४ मध्येच क्यूबा स्पेनकडून विकत घ्यावा, आणि स्पेनने नकार दिल्यास बळाने घ्यावा, असे अमेरिकी राजदूतांनी ऑस्टेंडच्या खलित्यात सुचवले होते. विल्यम वॉकर या साहसी सेनानीने १८५६ मध्ये निकाराग्वाचे अध्यक्षपद बळकावून तिथे संपुष्टात आलेली गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. 'नाइट्स ऑफ द गोल्डन सर्कल' या गुप्त संघटनेला हवाना केंद्रस्थानी धरून गुलामगिरीचे एक विशाल वर्तुळ उभारायचे होते. चित्रपटाने एवढेच केले की या योजना फसल्या नाहीत, असे मानले.

वैद्यकाचा भाग सर्वांत अंगावर येतो. गुलामांच्या पळून जाण्याला रोग ठरवणारे डॉक्टर कार्टराइट हे पात्र रचलेले नाही. सॅम्युएल कार्टराइट यांनी १८५१ मध्ये 'ड्रेपटोमेनिया' नावाचा हा 'रोग' वैद्यकीय नियतकालिकात खरोखर मांडला होता आणि त्यावर चाबकाचा उपायही सुचवला होता. चित्रपट फक्त त्या निदानाला आजच्या दूरचित्रवाणीच्या भाषेत आणतो.

आता तरुण सभासदांविषयी. लिंकन वेषांतर करून पळताना पकडले जातात आणि पुढे कॅनडात हद्दपारीचे आयुष्य काढतात, हे पाहून कुणाचा गोंधळ होईल, ही भीती मला मोठी वाटत नाही. एका वाक्यात ती दूर करता येते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या शैलीचे विडंबन, ज्यात लिंकन यांच्या त्या पलायनावर १९१५ सालचा एक मूकपट काढला गेल्याचे दाखवले आहे. खऱ्या १९१५ साली ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला होता. त्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला तारणहार म्हणून रंगवले होते, अध्यक्ष विल्सन यांच्या कार्यकाळात तो थेट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्लॅनचे पुनरुज्जीवन झाले. खोटा इतिहास चित्रपटातून पसरवण्याचे काम कुणी आधी केले, हे सभासदांना कळायला हवे. विल्मॉट यांचा खोटा इतिहास आपण खोटा आहोत हे सांगतो. ग्रिफिथ यांच्या चित्रपटाने तसे कधीच सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट, जी मराठी वाचकांच्या मनात सहज येईल. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांचे कार्य या चित्रपटातील जगात पराभूत झालेले आहे. तिथे ती अर्पणपत्रिका लिहिलीच गेली नसती. एका देशातील युद्धाच्या निकालावर दूरच्या माणसांची आशाही अवलंबून असते, हे मला त्या विचाराने फार तीव्रतेने जाणवले.

पाऊलवाट:

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, तरीही मी विरोधी बाजू मांडणार आहे, कारण ती मांडल्याशिवाय सत्र अपुरे राहील.

पहिली गोष्ट म्हणजे 'दक्षिण जिंकली असती तर' हा प्रश्नच प्रेक्षकाला एक आधार देतो: सुदैवाने ती जिंकली नाही. प्रत्यक्षात १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी शिल्लक ठेवली. त्या अपवादाच्या आडोशाने काळ्या कैद्यांना खाणींत आणि मळ्यांवर भाड्याने देण्याची पद्धत फोफावली, आणि अलाबामात ती १९२८ पर्यंत चालली. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य बाजूला झाले, १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्लेसी' खटल्यात काळ्या-गोऱ्यांच्या सक्तीच्या विभक्ततेला मान्यता दिली, आणि मतदानाच्या हक्काला कायद्याचे खरे संरक्षण मिळायला १९६५ साल उजाडावे लागले. २०१७ च्या जुलैत एका मोठ्या अमेरिकी वाहिनीने 'कॉन्फेडरेट' नावाची, याच कल्पनेवरची मालिका जाहीर केली, तेव्हा टा-नेहिसी कोट्स यांच्यासारख्या लेखकांनी घेतलेला आक्षेप याच दिशेचा होता. ज्यांच्यासाठी ते युद्ध पुरते संपलेलेच नाही, त्यांच्यासाठी हा 'पर्याय' नाही. समाजमाध्यमांवर काळ्या स्त्रियांनी पुढाकार घेऊन त्या मालिकेविरुद्ध मोहीम चालवली आणि अखेर ती मालिका झालीच नाही. त्याच सुमारास भरपाई म्हणून तीन दक्षिणी राज्ये काळ्या नागरिकांना मिळाली, अशा उलट कल्पनेवरच्या मालिकेचीही घोषणा झाली होती. तीही पडद्यावर आली नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. या चित्रपटात युद्धाचे पारडे युरोपातील सत्ता फिरवतात, आणि पुढच्या काळातील प्रतिकार मला प्रामुख्याने सीमेपलीकडून, कॅनडात आश्रय घेतलेल्यांकडून येताना दिसतो. शेतांत आणि घरांत राबणारी माणसे बहुतेक वेळ जाहिरातीतील वस्तूंसारखी गप्प आहेत. प्रत्यक्षात युद्ध सुरू होताच हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे निघाले आणि सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. काळे इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये या पलायनाला सार्वत्रिक संप म्हटले होते. गुलामगिरी मोडण्यात गुलामांचा हा वाटा हिशेबातून वगळला, तरच दीडशे वर्षे सुरळीत चालणारी गुलामगिरी कल्पिता येते. उपरोधाला सूत्र सोपे लागते हे मी समजू शकतो, पण इथे सूत्र सोपे करताना ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचेच कर्तृत्व गळून पडले आहे.

याहून दुबळे उदाहरण हवे असेल, तर १९९५ चा 'व्हाइट मॅन्स बर्डन' पाहावा. त्यात सत्ता आणि संपत्ती काळ्यांकडे आहे आणि जॉन ट्रॅव्होल्टा गरीब गोऱ्या कामगाराच्या भूमिकेत हॅरी बेलाफॉन्टे यांच्या धनाढ्य उद्योगपतीचे अपहरण करतो. जग तसे का झाले, याचा इतिहासच चित्रपटात नाही, त्यामुळे वंशभेद ही केवळ जागांची अदलाबदल ठरते.

जुनी पोथी:

पाऊलवाट यांचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती या चित्रपटाची सर्वांत मोठी उणीव आहे. पहिला मुद्दा मात्र विल्मॉट यांना लागू होत नाही, असे मला वाटते. यादवीनंतर उत्तरेतील लोक गुलामगिरी कशी स्वीकारतात, हे चित्रपटात आठवून पाहावे. त्यांच्यावर बंदुका रोखाव्या लागत नाहीत; गुलाम विकत घेणाऱ्याला करात सूट मिळते आणि थोड्याच काळात ती सवय होते. हिटलरशी या देशाची मैत्री आहे, आणि मतभेद फक्त एवढाच की ज्या माणसांना राबवता आले असते, त्यांना मारणे हा या देशाला अपव्यय वाटतो. हा चित्रपट 'सुदैवाने उत्तर जिंकली' असे म्हणत नाही. उत्तरेचा सामान्य नागरिक किती स्वस्तात तयार झाला असता, हे तो विचारतो, आणि साक्षेपी यांनी सांगितलेली सॉल्ट लेक सिटीची खानावळ हे त्याचे उत्तर आहे.

मृगनक्षत्र:

सर्वांची अत्यंत आभारी आहे. माझा निर्णय झाला आहे: चित्रपट दाखवायचा, आणि पाऊलवाट यांचा आक्षेप चर्चेच्या आरंभीच, तोही पूर्ण जोराने, मांडायचा. गटातील एका ज्येष्ठ सभासदाचा हसण्याला तीव्र विरोध होता. त्यांना मी हा धागा वाचायला दिला आहे आणि काळ्या सैनिकांविषयी दहा मिनिटे बोलण्याची विनंती केली आहे. त्यांनी ती मान्य केली. आता एकच शंका उरते. चित्रपटापूर्वी किती सांगावे? सगळे आधीच सांगितले, तर साक्षेपी यांनी वर्णन केलेला तो क्रम बिघडेल, असे वाटते.

साक्षेपी:

आधी फक्त यादवीच्या तारखा, दोन्ही बाजू आणि खरा निकाल एवढेच सांगावे. जाहिरातींविषयी एक शब्दही बोलू नये. कार्टराइट यांचे नावही तेव्हा घेऊ नये. चर्चेत १८५१ हे साल सांगितल्यावर होणारा परिणाम आपण स्वतः पाहाल. ग्रिफिथ यांचा मूळ चित्रपट सुमारे तीन तासांचा आहे, त्यामुळे तो पूर्ण दाखवणे शक्य होणार नाही, पण त्यातील क्लॅनच्या घोडदौडीची काही मिनिटे चित्रपट संपल्यानंतर जरूर दाखवावीत, म्हणजे विडंबन कशाचे होते ते स्पष्ट होईल.

आणि एक व्यवहाराची सूचना: अखेरच्या पाट्या इंग्रजीत आहेत आणि त्या लागल्या की लोक उठू लागतात. त्यांचा मराठी मजकूर आधीच तयार ठेवावा, चित्रपट तिथे थांबवून तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि दिवे त्यानंतरच लावावेत.